विमानाआधीची कॉफी : उलव्याच्या विमानतळावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ठाणे, ऐरोली, नेरूळ, खारघर, पनवेल या पट्ट्यातली कितीतरी माणसं सध्या आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसताहेत. २५ डिसेंबर २०२५पासून उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली आणि ज्या प्रवासासाठी सहारच्या जुन्या विमानतळापर्यंत धडपडत जावं लागायचं, तो पाम बीच रोडच्या पलीकडे येऊन ठेपला. नव्याने जाणाऱ्यांना वेब चेक-इन कसं करायचं, बॅगेचं वजन किती, ओळखपत्र कुठलं, हे कोणी ना कोणी सांगतं. कॉफीबद्दल मात्र कोणी काही सांगत नाही. मग पहाटे उठून घरचं सगळं आवरून निघालेली आई गेटजवळच्या खुर्चीत दीड-दोन तास काहीही न घेता बसून राहते. काय मागायचं ते ठाऊक नसतं, भाव किती लावतील याची धास्ती असते आणि आपण रांगेत उभे असताना विमान निघून गेलं तर, ही भीती सगळ्यात मोठी. या तिन्ही गोष्टींवर साधे उपाय आहेत. कोणीही पैशाच्या किंवा संकोचाच्या पायी तिथे कोरड्या घशाने बसू नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

पायरी १ : आधी विमानतळ कोणता ते बघा

कॉफीच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण आता आपल्याला दोन विमानतळ आहेत आणि तिकिटावर दोन्हींच्या नावात ‘मुंबई’ दिसतं. तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघा. बी-ओ-एम असेल तर तुमचं विमान जुन्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावरून आहे, म्हणजे सहार किंवा सांताक्रूझ. एन-एम-आय असेल तर उलवे. चुकीच्या विमानतळावर पोहोचलेल्या माणसाच्या वाट्याला कॉफी येत नाही, टॅक्सीची धावपळ येते. बी-ओ-एम असेल तर टर्मिनल एक की दोन, तेही त्याच वेळी बघून घ्या.

पायरी २ : वेळ उलटी मोजा

नवखा माणूस विमान सुटण्याची वेळ डोक्यात ठेवतो. ९.४०चं विमान आहे, आता ९ वाजलेत, म्हणजे ४० मिनिटं आहेत, आरामात कॉफी होईल, असा त्याचा हिशोब असतो. हा हिशोब चुकीचा आहे. तुमच्या कामाची वेळ गेट, म्हणजे विमानाकडे जाण्याचं शेवटचं दार, बंद होण्याची. देशांतर्गत विमानांसाठी बहुतेक कंपन्या सुटण्याच्या २५ मिनिटं आधी गेट बंद करतात. बोर्डिंग पासवर, म्हणजे चेक-इननंतर मिळणाऱ्या विमानात चढण्याच्या परवान्यावर, ही वेळ छापलेली असते, ती वाचा आणि पेनाने गोल करून ठेवा. मोबाइलवर पास असेल तर त्या वेळेच्या २० मिनिटं आधीचा गजर लावा.

आता ९.४०चं विमान घेऊ. गेट ९.१५ला बंद. बोर्डिंग, म्हणजे प्रवाशांना विमानात सोडणं, साधारण ८.५५च्या सुमारास सुरू होईल. म्हणजे ८.५०पर्यंत कप संपवून, हात-तोंड पुसून, स्वच्छतागृहात जाऊन तुम्ही गेटपाशी असायला हवं. कॉफी मागवणं, ती हातात येणं आणि शांतपणे पिणं याला मिळून २५ मिनिटं धरा. म्हणजे ८.२५ला सिक्युरिटी उरकलेली हवी. सिक्युरिटीला अर्धा तास धरला तर ७.५५ला त्या रांगेत. सामान टाकायचं असेल तर त्याचा वेळ वेगळा. देशांतर्गत विमानांचे सामान घेणारे काउंटर बहुतेक ठिकाणी ६० मिनिटं आधी बंद होतात, पण त्या शेवटच्या मिनिटाची वाट कशाला बघायची? ७.३०ला टर्मिनलच्या दारात उभे असाल तर सगळं सुरळीत होतं आणि कॉफीही मिळते.

परदेशी जाणारं विमान असेल तर यात इमिग्रेशनची, म्हणजे पासपोर्ट तपासणीची, रांग मिळवा आणि तासभर आणखी आधी पोहोचा.

घरून निघण्याची वेळ मात्र ज्याने त्याने आपल्या पत्त्यावरून ठरवायची. नेरूळ, सीवूड्स, बेलापूरकरांना उलवे अगदी जवळ. हे जवळ असणंच घात करतं, कारण माणूस ‘इथेच तर जायचंय’ म्हणत उशिरा निघतो. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांनी दीड तास तरी हातात ठेवावा. ठाण्यातून कळवा-विटावा मार्गे यायचं असेल तर पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरतं हे लक्षात असू द्या. मुलुंड-ऐरोली पूल धरून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागणं त्या दिवसांत बरं.

पायरी ३ : घरून निघताना

घरी अर्धा कप घेऊन निघायला हरकत नाही. पूर्ण मोठा कप नको. कॉफीने लघवीची भावना लवकर होते आणि तुर्भ्याच्या सिग्नलपाशी गाडी अडकली की मग जिवाची घालमेल. पोटात काहीतरी घाला, पोळीचा तुकडा, केळं, दोन बिस्किटं. रिकाम्या पोटी कॉफी पिऊन ज्यांना पित्त होतं, त्यांच्यासाठी विमानतळावरची कडक कॉफी सोसणं आणखी कठीण.

पिशवीत तीन वस्तू टाका. रिकामा थर्मास किंवा स्टीलची बाटली, इन्स्टंट कॉफीच्या दोन-तीन पुड्या, आणि घरचा सुका खाऊ. चिवडा, खाकरा, मेथीचे ठेपले, दशम्या, काहीही चालेल. घरचा सुका खाऊ सिक्युरिटीत अडवत नाहीत. भरलेल्या थर्मासचं तसं नाही. परदेशी विमानाला हातातल्या सामानात १०० मिलीपेक्षा जास्त द्रवपदार्थ चालत नाहीत, तिथे घरची कॉफी ओतूनच द्यावी लागेल. देशांतर्गत प्रवासात पाण्याची बाटली सहसा जाऊ देतात, पण गरम पेयाचा थर्मास बघून तपासणारे प्रश्न विचारू शकतात, घोट घेऊन दाखवायला सांगू शकतात. म्हणून थर्मास रिकामाच न्या. आत पाण्याची मशिनं असतात, त्यांपैकी काहींना गरम पाण्याचा नळही असतो. तो मिळाला तर पुडी घालून ढवळलं की तुमची कॉफी फुकटात झाली. लहान मुलांचं दूध करायलाही हेच पाणी उपयोगी पडतं.

पायरी ४ : दारापासून सिक्युरिटीपर्यंत कुठेही थांबू नका

टर्मिनलच्या दाराशी सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतात. मोबाइलवर डिजीयात्रा ॲप असेल आणि त्यात बोर्डिंग पास आदल्या दिवशी चढवलेला असेल, तर चेहरा दाखवून वेगळ्या दाराने आत जाता येतं. वयस्क मंडळींना ते आधार कार्ड, ओटीपी जमत नसेल तर आग्रह धरू नका, साध्या दाराने जाणं पूर्णपणे ठीक आहे.

आत शिरल्याबरोबर कॉफीचा वास येऊ शकतो. सिक्युरिटीच्या अलीकडेही दुकानं असतात. तिथे थांबायचं नाही. सिक्युरिटीची रांग पाच मिनिटांत सरकेल की चाळीस, हे तुमच्या हातात नाही. कॉफीची वेळ तुमच्या हातात आहे. जे हातात नाही ते आधी उरका. सोडायला आलेल्या माणसांसोबत चहा-कॉफी घ्यायची असेल तर ती दाराबाहेर घ्या, कारण तिकिटाशिवाय त्यांना आत सोडत नाहीत आणि तुम्ही एकदा आत गेलात की बाहेर येणं हा मोठा उपद्व्याप होऊन बसतो.

सामान देऊन झालं की थेट सिक्युरिटी. लॅपटॉप, पॉवर बँक, चार्जर बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवा. खिशातली नाणी, किल्ल्या, पट्टा आधीच बॅगेत टाकलेलं बरं. पलीकडे गेल्यावर ट्रेमधलं सगळं मोजून घ्या. कॉफीच्या ओढीने ट्रेमध्ये मोबाइल विसरणारे दर दिवशी असतात.

पायरी ५ : दुकानाआधी गेट

सिक्युरिटीतून सुटल्यावर पहिलं काम पडद्यावर गेट नंबर बघणं. पासवर छापलेला गेट बदलू शकतो, पडद्यावरचा खरा. मग त्या गेटपर्यंत चालत जा, किंवा निदान किती लांब आहे ते नजरेने मापा. मोठ्या टर्मिनलमध्ये हे चालणं दहा मिनिटांचं असतं आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटांचं. गेट बघून झाला की त्याच्या आसपास कॉफी शोधा.

यात आणखी एक फायदा आहे. सिक्युरिटीच्या तोंडावर असलेल्या पहिल्या दुकानात नेहमी सगळ्यात मोठी रांग असते, कारण सुटका झालेला प्रत्येक जण समोर दिसेल तिथे उभा राहतो. पुढे गेटांच्या दिशेने गेलं की गर्दी विरळ होते.

आणि हे नीट ध्यानात ठेवा : घोषणेच्या भरवशावर बसू नका. सहारचं टर्मिनल दोन ‘शांत’ विमानतळ आहे, म्हणजे तिथे प्रत्येक विमानाच्या बोर्डिंगची घोषणा होत नाही. देशातल्या बऱ्याच विमानतळांनी ही पद्धत घेतली आहे. एसटी स्टँडवर गाडी लागली की भोंग्यातून आवाज येतो, त्या सवयीने आपण कान टवकारून बसतो आणि इथे तो आवाज येतच नाही. पडदा दिसेल अशा जागी बसा, दर दहा मिनिटांनी बघा. शक्य असेल तर आपल्या गेटकडे तोंड करून बसा. माणसं उठून रांग लावायला लागली की कळतं.

पायरी ६ : रांग वाचायला शिका

कॉफीच्या दुकानासमोर दोनच माणसं उभी आहेत म्हणून तुम्ही जाता, पैसे देता आणि मग वीस मिनिटं ताटकळता. कारण खरी रांग पैसे देण्याच्या ठिकाणी नसते. ती पलीकडे, कप मिळतो त्या बाजूला असते. तिकडे घोळक्याने उभी असलेली माणसं मोजा, मशिनजवळ ओळीने मांडलेले रिकामे कप किंवा चिकटवलेल्या चिठ्ठ्या मोजा. दुधाची एक कॉफी करायला सरावलेल्या माणसालाही दीड-दोन मिनिटं लागतात. मशिनवर एकच जण असेल आणि आठ कप रांगेत असतील, तर तुमच्या कपाला पाव तास लागणार. तेवढा वेळ असेल तर उभे राहा, नाहीतर दुसरं दुकान बघा.

पैसे देण्याआधी सरळ विचारा, ‘किती वेळ लागेल? माझं बोर्डिंग अमुक वाजता आहे.’ हे मराठीत विचारा, समजतं. त्यात काही गैर नाही. काउंटरवरची मुलं दिवसभर घाईतल्याच माणसांना कॉफी देतात, ती खरं उत्तर देतात. उलट पैसे देऊन मग ‘लवकर करा, लवकर करा’ म्हणत राहिलं की त्यांनाही त्रास आणि आपल्यालाही.

पायरी ७ : काय मागायचं

इथे नवख्यांची सगळ्यात जास्त अडचण होते, म्हणून जरा सावकाश बघू.

आपल्या घरची कॉफी म्हणजे दूध-साखर उकळून त्यात पूड घातलेली, वरून जायफळ किसलेली, गोड आणि घट्ट. त्या चवीची अपेक्षा ठेवून कोणी कॅपुचिनो मागवला की पहिल्याच घोटाला तोंड कडू होतं, आणि ‘एवढे पैसे घेऊन हे काय दिलं’ असं वाटतं. दिलेलं बरोबर असतं. या मशिनच्या कॉफ्यांमध्ये साखर नसतेच. ती कागदी पुड्यांमध्ये बाजूला ठेवलेली असते, आपण हवी तेवढी घालायची. दोन पुड्या घाला, तीन घाला, कोणी बघत नाही आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

फलकावरची नावं बरीच असली तरी मूळ एकच आहे, एस्प्रेसो. बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण ९ बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या नऊपट, दाबाने गरम पाणी काढलं की २५ ते ३० सेकंदांत ३० मिलीच्या आसपास दाट, कडू अर्क मिळतो, तो एस्प्रेसो. तोच तसाच मागवला तर एवढ्याशा कपात दोन घोट येतात. सवय नसेल तर मागवू नका. त्यात गरम पाणी वाढवलं की अमेरिकानो, म्हणजे काळी कॉफी. ही लवकर होते, दूध फेसायला लागत नाही, आणि मधुमेह असलेल्यांना, दूध न पचणाऱ्यांना सोयीची. एस्प्रेसोवर गरम दूध आणि जाड फेस घातला की कॅपुचिनो. दूध जास्त आणि फेस पातळ असेल तर लाटे. चॉकलेट घातलं की मोका.

घरच्या कॉफीची चव आवडणाऱ्याने लाटे मागवावा आणि साखर घालावी, सगळ्यात सौम्य तोच लागतो. त्याहून चांगलं म्हणजे दाक्षिणात्य पदार्थांचं काउंटर शोधणं. तिथली फिल्टर कॉफी आपल्या जिभेला पटकन जुळते. त्यात बहुतेकदा चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड, मिसळलेली असते, त्यामुळे रंग गडद आणि चव भरीव येते. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा गाळलेला अर्क, आधीच काढून ठेवलेलं असतं आणि दूध गरमच असतं, म्हणून ती मिनिटभरात हातात पडते. घाईच्या वेळी माझं पहिलं मत फिल्टर कॉफीलाच. चेंबूर-माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत जिची सवय ठाण्या-नवी मुंबईच्या कित्येक घरांना लागली, तीच ही. मात्र तिथे साखर आधीच घातलेली असू शकते. नको असेल तर मागवतानाच ‘बिनसाखरेची’ म्हणून सांगा.

वेळ फार कमी असेल तर थंड पर्याय. कोल्ड ब्रू, म्हणजे थंड पाण्यात भिजवून काढलेली कॉफी, आधीच करून ठेवलेला असतो, फक्त बर्फावर ओतून देतात. पण तो कडू आणि कडक असतो. मिक्सरमध्ये घुसळलेली, आइस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफी मुलांना आवडते, तिला वेळ लागतो. सगळ्यात झटपट म्हणजे फ्रिजमधली बाटलीबंद कॉफी, उचलली आणि पैसे दिले. ‘पोअर ओव्हर’ किंवा हाताने गाळून करायची कॉफी फलकावर दिसली तर ती उशीर झालेल्या विमानासाठी राखून ठेवा, तिला चार-पाच मिनिटं फक्त गाळायला लागतात.

काउंटरवर एका दमात सगळं सांगता आलं तर काम सोपं होतं. ‘एक लाटे, छोटा, गरम, झाकणाच्या कागदी कपात. बाकी काही नको. किती झाले?’ एवढं पाठ करून ठेवा. ‘छोटा’ हा शब्द नक्की बोला, कारण आकार सांगितला नाही तर मधला किंवा मोठा धरला जाऊ शकतो. ‘लार्ज करू का? एक्स्ट्रा शॉट? हॅझलनट घालू? सोबत कुकी?’ हे प्रश्न ओळीने येतात. ‘एक्स्ट्रा शॉट’ म्हणजे एस्प्रेसोचं आणखी एक माप. प्रत्येक ‘हो’ला वेगळे पैसे आहेत. ओट किंवा सोया दूध मागितलं तरी जास्तीचे पैसे लागू शकतात. ‘नको’ म्हणायला अजिबात संकोच वाटू देऊ नका.

कपावर लिहायला नाव विचारतील. छोटं, स्पष्ट नाव सांगा आणि हाक आली की कप उचलण्याआधी त्यावरचं नाव बघा.

पायरी ८ : पैसे

विमानतळावर भाव बाहेरपेक्षा जास्त असतात, ते मनाशी धरूनच जा. म्हणजे फलक बघून दचकायला होत नाही. तरी काही गोष्टी माहीत हव्यात.

पाण्याची किंवा कॉफीची सीलबंद बाटली छापील किमतीलाच मिळायला हवी. एकाच वस्तूवर बाजारासाठी एक आणि विमानतळ-मॉलसाठी दुसरी एमआरपी छापण्याची पद्धत १ जानेवारी २०१८पासून बंद झाली आहे. बाटली हातात घेऊन छापलेली किंमत वाचा आणि तेवढेच द्या. दुकानात करून दिलेल्या कॉफीला मात्र हा नियम लागत नाही, तिचा भाव दुकान ठरवतं.

बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर तो काढून मागता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. जीएसटी हा कर आहे, तो द्यावाच लागतो. दोन्हींत गल्लत करू नका.

स्वस्त कॉफीची सरकारी सोयही काही विमानतळांवर आहे. ‘उडान यात्री कॅफे’ नावाने डिसेंबर २०२४मध्ये कोलकात्याला आणि पुढच्या फेब्रुवारीत चेन्नईला ती सुरू झाली. १० रुपयांना चहा, २० रुपयांना कॉफी, १० रुपयांना पाण्याची बाटली अशा दरांनी. पुढे आणखी विमानतळ त्यात आले. तुम्ही जिथून निघाल किंवा जिथे उतराल, तिथे हे नाव विचारून बघा. विचारायला पैसे पडत नाहीत, आणि चार जणांच्या कुटुंबाला फरक चांगलाच जाणवतो. ही योजना प्रत्येक विमानतळावर यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

यूपीआय सगळीकडे चालतं, पण काच-पोलादाच्या इमारतीत नेटवर्क दगा देतं, आणि विमानतळाचं वायफाय मिळवायला आधी ओटीपी यावा लागतो. म्हणून कार्ड किंवा चारेकशे रुपये रोख खिशात असू द्या.

लाउंजबद्दल, म्हणजे खाण्यापिण्याची सोय असलेल्या विश्रांतीकक्षाबद्दल, थोडक्यात. काही क्रेडिट आणि डेबिट कार्डांवर लाउंजमध्ये जाता येतं, यंत्रावर कार्ड घासल्यावर दोन रुपयांसारखी छोटी रक्कम कापली जाते. पण आता बऱ्याच बँकांनी आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केलेला असावा अशी अट घातली आहे. ही चौकशी बँकेच्या ॲपवर घरी करा. दाराशी जाऊन नकार ऐकायला नको. आणि सकाळच्या गर्दीत लाउंजलाच रांग असते, तेव्हा फक्त एका कॉफीसाठी तिथे उभं राहण्यात अर्थ नाही.

पायरी ९ : कोणी किती प्यावी

कॉफीतलं कॅफिन प्यायल्यानंतर साधारण अर्ध्या ते पाऊण तासात पूर्ण चढतं आणि त्याचा निम्मा भाग शरीरातून जायला पाच तासांच्या आसपास लागतात. विमानात झोपायचं असेल तर कॉफी टाळा. उतरल्याबरोबर लग्नघरी कामाला जुंपून घ्यायचं असेल तर प्या. पहिल्यांदा विमानात बसताना छाती धडधडणाऱ्यांनी कडक कॉफी घेऊ नये, कारण ती धडधड कॅफिनने वाढते आणि माणूस आणखी घाबरतो. त्यांना लाटे पुरे, किंवा नुसतं गरम दूध. ते बहुतेक दुकानांत मागितलं तर देतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये काढलेल्या आहार-सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा दिली आहे. १५० मिली ब्रू केलेल्या, म्हणजे दळलेल्या बियांपासून काढलेल्या, कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५. म्हणजे विमानतळावरचे दोन मोठे कप आणि घरचा एक, एवढ्यातच मर्यादा गाठली जाते. जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर चहा-कॉफी टाळा, असंही त्याच सूचनांत आहे. शरीरात लोह कमी असलेल्या बायकांनी हे विशेष पाळावं. गरोदर बायकांनी डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा पाळावी आणि शंका असेल तर डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी, आहे का विचारावं.

पायरी १० : कप हातात आल्यावर

झाकण दाबून बघा. नीट बसलेलं नसेल तर चालताना पहिला हिसका बसला की हातावर सांडतं. लहान मूल कडेवर असेल तर गरम कप घेऊन चालू नका, आधी बसा. पहिला घोट जपून, फेसाखालचं दूध वरून वाटतं त्याहून जास्त गरम असतं.

कप संपवूनच गेटच्या रांगेत जा. पुष्कळदा गेटवरचे कर्मचारी गरम पेय घेऊन आत सोडत नाहीत, आणि गेटवरून बसने विमानापर्यंत न्यायचं असेल तर उभ्या गर्दीत गरम कप धरणं इतरांसाठीही धोक्याचं. पाच मिनिटांत संपणार नाही असं वाटलं तर ‘थोडं कोमट द्या’ म्हणून आधीच सांगा, किंवा बाजूचं गार पाणी थोडं मिसळा. चव जरा उतरते, पण कॉफी पोटात जाते.

आणि गेट बंद व्हायला पंधरा-वीस मिनिटंच उरली असतील, तर कॉफी सोडून द्या. विमानात मिळते. कमी भाड्याच्या विमानांत ती विकत घ्यावी लागते आणि बहुधा पुडी व गरम पाण्याची असते. तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. विमानाच्या आत हवेचा दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या डोंगरासारखा राखलेला असतो, तिथे पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं, आणि कोरड्या हवेत नाक-जीभ मंदावतात. त्यामुळे तीच पूड घरच्यापेक्षा फिकी लागते. साखर जरा जास्त घाला.

विमानाला उशीर झाला तर

तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं आहे आणि विमानाला ठरावीक वेळेपलीकडे उशीर होणार आहे, तर विमान कंपनीने प्रवाशांना खाणं-पिणं मोफत द्यायचं, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए) नियम आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तास किंवा जास्त उशीर, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ३ तास किंवा जास्त, आणि बाकीच्यांना ४ तास किंवा जास्त, अशी मोजणी आहे. उलव्याहून निघणारी गोवा, बंगळूर, दिल्लीची विमानं सहसा पहिल्या गटात येतात. प्रत्येक वेळी कर्मचारी आपणहून येऊन सांगतीलच असं नाही. गेटवरच्या काउंटरला जा, बोर्डिंग पास दाखवा आणि विचारा, ‘उशिराबद्दल खाण्यापिण्याचं कूपन कुठे मिळेल?’ सोबत वयस्क माणसं किंवा मुलं असतील तर तेही सांगा. कूपन मिळालं की ते कुठल्या दुकानांत चालतं आणि त्यात कॉफी बसते का, ते तिथल्या तिथे विचारून घ्या, आणि कूपन घेऊन निघताना उशिराची नवी वेळ व गेट नंबर पुन्हा एकदा पडद्यावर बघा.